दुसरा ईस्टर

मे महिन्यातल्या त्या रविवारी सकाळपासून वारा पडलेला होता, समुद्राकडून मळभ चढून आलं होतं, पण पावसाचं नाव नव्हतं, आणि अढीतल्या आंब्यांचा वास घरात असा कोंडला होता की एरवी आत्मारामने पुढचं दार सताड उघडं टाकलं असतं. पण सुजयला उघडं दार चालत नसे.

सुजय त्याचा एकुलता एक मुलगा, ग्रीक मालकाच्या बोटीवर खलाशी. "कप्तान ईस्टरला सोडतोय, आबा. तू बांगडे आणून ठेव," असं तो फोनवर बोलला होता, आणि दोन वर्षं न दिसलेला पोरगा मार्चअखेरच्या त्या ईस्टरला भर दुपारी खरोखरच अंगणात येऊन उभा राहिला. हातात बॅग नाही, फोन नाही. "बोटीवर राहिलं," म्हणाला. आत्मारामला काय, पोर आलं यातच सगळं आलं. बायको गेल्यापासून तो एकट्याचं ताट घेऊन बसत होता.

तसा सुजय फार शहाणा होऊन आला होता. कालवण तिखट झालं म्हणून कुरकुर नाही, वाडीत कुणाकडे जाणं नाही. आबाला अरे-तुरे करणारा पोर आता अहो-जाहो करी. परदेशची शिस्त असेल, म्हणून म्हातारा मनात सुखावे. फक्त दिवेलागणीला तो रोज विचारी, "आबा, कुणी आलं नाही ना?"

"कोण यायचाय?"

यावर तो नुसता हसे, नि उठून दाराला कडी घाली.

शेजारचा पास्कू डिसोझा ईस्टरला जन्मला म्हणून पास्कू. त्याचा वाढदिवस दरवर्षी हलतो यावर आत्माराम जन्मभर त्याची चेष्टा करत आला होता, की तुमच्यात सगळं तारखेने, हा एक सण तेवढा तिथीने. त्या रविवारी पास्कूच दोन अंगणांमधल्या दगडी गडग्यावरून ओरडला, "आत्माराम, आज परत माझा वाढदिवस!"

"म्हातारचळ लागला काय रे? केक खाऊन महिना झाला."

"टीव्हीवर दाखवतायत. ग्रीकांचा ईस्टर आज. त्यांचं पंचांग वेगळं, आमचा त्यांना चालत नाही, त्यांचा आम्हाला. पण मग तुझ्या सुजयला कप्तानाने आमच्या ईस्टरला सोडला कसा?"

"आपल्यात नाही का, स्मार्त एकादशी नि भागवत एकादशी? दिवस दोन, पण देव एकच," असं म्हणून आत्माराम आत आला आणि जेवायला वाढता वाढता त्याने ही गंमत सुजयला सांगितली.

सुजयचा घास हातातच राहिला.

"आज?"

"आज."

"मग आज दार उघडू नका, आबा. कुणाचीही हाक आली तरी."

आत्मारामने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्याच्या ताटात भात वाढला, आणि कडी लागलेली आहे ना, ते स्वतः हात लावून बघून आला.

तो पाटावर टेकतो न टेकतो तोच फाटक वाजलं, आणि बाहेरून पास्कूची हाक आली, "आत्माराम, दार उघड रे! हा तुझा सुजय बाहेर कधी पडला? बॅगा घेऊन उभा आहे, नि म्हणतो, आबाला विचार, बांगडे आणलेस काय?"