नरसिंगची कबुली

आमच्या यार्डात दारू तपासायचं मशीन आलं ते मालकाला ड्रायव्हरांच्या जिवाचा कळवळा आला म्हणून नव्हे. लातुरातल्या एका शाळेने मुलांची ने-आण करायचं कंत्राट देताना अट घातली, की रोज सकाळी गाडी हलायच्या आधी प्रत्येक ड्रायव्हरची तपासणी झाली पाहिजे आणि ती शिकलेल्या माणसाने घेतली पाहिजे. आदिनाथशेठनं शिकलेला माणूस पगारावर आणला आणि मशीन मात्र बाजारात मिळालं त्यातलं सगळ्यात स्वस्त आणलं. मोबाइलएवढं डबडं, वर फुंकायची नळी. मी या यार्डात ट्रिपा लावतो. कोणत्या गाडीवर कोण, कोण सुटीवर, हे सगळं माझ्याकडे. त्यामुळे त्या डबड्याशी माझा रोजचा संबंध होता.

शिकलेला माणूस म्हणजे धम्मप्रिया. लॅबचा डिप्लोमा केलेली, मोजकं बोलणारी, इथे मावशीकडे राहणारी मुलगी. पहिल्या दिवशी ती टेबल मांडून बसली, रांगेकडे मान वर करून बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. रांगेत तिचा बाप उभा होता.

नरसिंग मुखेडकडचा, आता लातुरात खोली घेऊन राहणारा. गाडीवर त्याच्यासारखा हात कुणाचा नाही, हे त्याचे वैरीसुद्धा मान्य करतील. पण गाडीवरून उतरला की पाय गुत्त्याकडे. गावच्या विहारात वंदनेला उभा राहिला तर चार शीलं सगळ्यांच्या वर आवाज काढून म्हणायचा आणि पाचव्याला, दारूच्या शीलाला, त्याला नेमका खोकला यायचा. पोरंटोरं त्या खोकल्याची नक्कल करायची. त्या घरात राहायचं नसेल तर हसण्यासारखंच होतं ते. त्या घरात बायको सरजाबाई आणि ही लेक राहत होत्या. सरजाबाईच्या छातीत कळ आली त्या दिवशी गाडी दारात उभी होती आणि नरसिंग ओट्यावर शुद्ध हरपून पडलेला होता. लेकीनं त्याला हलवून हलवून उठवायचा प्रयत्न केला. शेवटी शेजाऱ्यांनी दुसरी गाडी आणेपर्यंत सरजाबाई गेली. त्यानंतर लेक लातूरला आली आणि बापाशी बोलणं टाकलं. नरसिंगनं दारू सोडली ती त्यानंतर. खरोखर सोडली, मी शपथेवर सांगतो. पण तोवर घरात ते बघायला कुणी उरलं नव्हतं.

आता रोज सकाळी बाप-लेक समोरासमोर यायला लागले. बाकीच्या ड्रायव्हरांना ती काका म्हणायची. बापाला काहीच म्हणायची नाही. नुसतं "फुंका." तो फुंकायचा, ती मशीन बघून "शून्य" म्हणायची, सही घ्यायची आणि पुढच्याला बोलवायची. एवढाच त्यांचा संसार. तरी नरसिंग त्यासाठी धुतलेला शर्ट घालून, डोक्याला तेल लावून यायचा. त्याची ट्रिप सगळ्यांच्या शेवटी, पण रांगेत पहिला उभा. मी चिडवायचो, की परीक्षेचा निकाल घ्यायला आलास काय रे रोज रोज. तो हसायचा. एकदा चहा पिताना मात्र त्यानं मनातलं सांगितलं.

"किशनराव, मला दुसरं काय बी नको. तिनं एक दिवस नुसतं मनावं, बाबा, तुमी सोडली. म्हणून रोज शून्य दाखवून राहिलो तिला. कधीतरी मनंलच की."

आणि गाडी रुळावर येतही होती. एका सकाळी शून्य म्हटल्यावर ती खाली बघतच म्हणाली, की शर्टाचं बटण तुटलंय. बस, इतकंच. नरसिंगनं ते सगळ्या यार्डाला सांगितलं, क्लीनरला सांगितलं, टायर काढणाऱ्याला सांगितलं, दोनदा मलाच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बटण लावून आला आणि ती जागा तिला दिसेल असा उभा राहिला. तिनं बघितलं की नाही कोण जाणे, मला तरी वाटलं बघितलं.

मध्येच शिवकुमारचं प्रकरण झालं. हा उदगीरचा, जिभेला हाड नसलेला ड्रायव्हर. एका सकाळी मशीननं त्याला धरलं. धम्मप्रियानं नियमाप्रमाणे त्याला विचारलं, की कबूल नसेल तर सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घेता येईल. रक्ताचं नाव काढताच हा सही करून घरी गेला, कारण आदल्या रात्री किती रिचवली ते त्याला चांगलं ठाऊक होतं. पंधरवडा बिनपगारी काढून परत आला तो तोंडात एकच पालुपद घेऊन, की ही पोरगी आम्हालाच धरणार, बापाच्या वेळी बघा मशीनच बंद पडेल. बोलणं तिच्या कानावर गेलं. त्या दिवसापासून ती बापाची तपासणी सगळ्यांना दिसेल अशी, टेबलासमोर उभं करून घ्यायला लागली.

ऊन तापायला लागलं तसा नरसिंग वाळत चालला. पाण्याच्या दोन बाटल्या सोबत ठेवायचा, त्याही पुरायच्या नाहीत. वाटेत लघवीला गाडी थांबवतो म्हणून शाळेतली पोरं हसायची. मी म्हटलं, एकदा दवाखान्यात जाऊन ये. म्हणाला, उन्हाळा हाय, माणूस पाणी पितंच. पॅन्ट ढिली झाली म्हणून त्यानं पट्ट्याला नवीन भोक पाडलं आणि लेकीच्या लग्नात बारीक दिसायला पाहिजे, म्हणून वर थट्टाही केली.

मग ती सकाळ आली. नरसिंग पहिल्यांदाच रांगेत शेवटी होता. भिंतीला हात लावत पुढे सरकत होता. डोळे खोल गेलेले, जीभ जड. टेबलापाशी आला तसा त्याच्या तोंडाचा वास मलाही आला, सडत आलेल्या फळासारखा आंबूस-गोड. त्यानं फुंकलं. या वेळी शून्य आलं नाही. धम्मप्रियानं त्याला पाणी दिलं, चूळ भरायला लावली, बाजूला बसवलं आणि थोड्या वेळानं पुन्हा फुंकायला लावलं. आकडा वाढलेलाच होता.

ड्रायव्हर गाड्या चालू ठेवून तसेच खाली उभे राहिले. आदिनाथशेठ केबिनमधून बाहेर आला. ज्या मुलीनं लहानपणी तो जडपणा, ते भिंत धरून चालणं रोज संध्याकाळी बघितलं, तिला मशीनची तरी काय गरज होती? तरी तिनं नियम सोडला नाही. कबूल असेल तर सही करा, कबूल नसेल तर रक्त तपासायला जाता येईल, तो तुमचा हक्क आहे, असं ती सगळ्यांना म्हणून दाखवायची तसंच तिनं त्यालाही म्हणून दाखवलं. आवाज तेवढा हलला.

शिवकुमार हसला. बापाची पाळी आली तसं रक्त आठवलं, असं तो सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला. त्यालाही तिनं हेच विचारलं होतं हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि एकानंही तोंड उघडलं नाही. मालकानं धम्मप्रियाकडे बघितलं. त्या बघण्यात काय होतं ते नोकरी करणाऱ्या कुणालाही कळेल.

नरसिंगनं शिवकुमारकडे बघितलं, मालकाकडे बघितलं आणि मग लेकीकडे. टेबलाची कड धरून तो सरळ उभा राहिला.

"हाव. पिलो मी. रक्त-बिक्त काय नको. ती बरूबर सांगून राहिली."

आणि त्यानं सही केली. धम्मप्रियानं ती घेतली. मग इतक्या हळू, की शेजारी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं, ती म्हणाली, "आईच्या वेळेला पण असंच केलं तुम्ही." त्यानं मान हलवली.

त्याला खोलीवर सोडायला मी रिक्षा केली. माझं डोकं फिरलं होतं. इतक्या दिवसांच्या शून्यावर पाणी ओतलंस, म्हणून मी त्याला वाटभर बोल बोल बोललो. त्यानं मध्येच रिक्षा थांबवायला लावली आणि रसवंतीवर उसाचा रस मागवला. एक ग्लास घटाघटा पिऊन दुसरा घेतला. तोंड पुसून म्हणाला, की आपण थेंब घेतलेला नाही, दोन दिवस अंगच बरं नाही. मी म्हटलं, मग हाव कशाला म्हणालास?

"मी न्हाई मनलो असतो तर ती सगळ्यांपुढं खोटी पडली असती. लोक मनले असते, बापाला पळवाट दिली. आजवर तिचा एक शबूद मी राखला न्हाई, किशनराव. आज राखला. बरं वाटलं की सांगतो तिला सावकाश."

असल्या शपथा मी पिणाऱ्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकल्यात. मी रसाचे पैसे देऊन त्याला रिक्षात बसवलं.

खोलीवर पोचेपर्यंत बातमी आमच्या पुढे जाऊन बसली होती, कारण शिवकुमारचं घर त्याच गल्लीत. घरमालकीण लक्ष्मम्मा, देगलूरकडची चांगली बाई, दारातच तोंड वाकडं करून उभी होती. नरसिंग खाटेवर आडवा झाला. त्या दिवशी दुपारी तो ओकला ते तिनं ऐकलं. संध्याकाळी डोकावली तर वेडावाकडा पडलेला. रात्री भात्यासारखा जोरजोरात श्वास चालला होता. एरवी तिनं अर्ध्या गल्लीला उठवलं असतं. पण प्यालेला माणूस असाच घोरतो, उतरली की उठेल, म्हणून तिनं दार ओढून घेतलं. माणसानं स्वतःच्या तोंडानं कबूल केलेलं, मग शंका कोण घेणार?

दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मला फोन आला, की हलवलं तरी उठत नाही. मी आणि शिवकुमारनंच त्याला उचलून सरकारी दवाखान्यात नेलं. धम्मप्रियाला मी फोन केला. येते, एवढंच ती म्हणाली.

ती आली तेव्हा डॉक्टर विचारत होते, की काय घेतलं होतं यांनी. तिनंच पुढे होऊन सांगितलं, की काल पिले होते, मशीनवर आलं होतं, मी घेतली तपासणी. डॉक्टर आत गेले आणि बऱ्याच वेळानं कागद घेऊन बाहेर आले. म्हणाले, रक्तात दारू नाही, आणि हे दारूचं दुखणंही नाही. साखर मात्र मोजायच्या पलीकडे गेली आहे. मग त्यांनीच उलगडून सांगितलं. साखर अशी चढली की श्वासाला गोडसर वास येतो, जीभ जड होते, झोक जातो, माणूस अगदी प्यायल्यासारखा दिसतो. हलकं मशीन असेल तर तेही फसतं. काल सकाळी आणलं असतं तर, एवढं बोलून डॉक्टर थांबले. त्यांना वाक्य पुरं करायची गरज नव्हती.

धम्मप्रिया आत जाऊन खाटेपाशी बसली. तिनं त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही सोडली होती." मी दारातून बघत होतो. तिनं ते पुन्हा म्हटलं, मग पुन्हा, जरा मोठ्यानं, त्याच्या कानाशी वाकून. ज्या बोलण्यासाठी तो रोज रांगेत उभा राहिला ते बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं असं मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तो संध्याकाळी गेला, डोळे न उघडता.

मातीला सगळं यार्ड आलं. शिवकुमारनं खांदा सोडला नाही आणि विहारापाशी पोरासारखा रडला. मालकानं आठवड्याच्या आत महागातलं नवीन मशीन आणलं. मला तेव्हा त्याचं टाळकं फोडावंसं वाटलं.

नरसिंगसाठी विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर एका दुपारी धम्मप्रिया माझ्या खिडकीशी आली. काम सोडायचं सांगायला आली असेल असं मला वाटलं, पण तिला वेगळंच विचारायचं होतं. रिक्षात तुम्ही होता, तर बाबा काही म्हणाले का? प्यायले नव्हते तर हाव का म्हणाले?

मी तिला सगळं सांगितलं. रसवंतीवरचं, सगळ्यांपुढं खोटी पडली असती ते, शब्द राखला ते. बापानं शेवटी लेकीसाठी काय केलं हे तिला कळावं, त्यानं तिला थोडं बरं वाटेल, असा माझा अडाणी हिशेब. ती खिडकीचा गज धरून ऐकत होती. 

"लोकांपुढं मी खोटी पडले असते, काका," ती म्हणाली. "एवढंच झालं असतं ना."