बाबांना सुट्टी नाही

निम्म्या गावाला गाडी शिकवणाऱ्या मास्तरांची स्वतःची गाडी गेल्या बावीस वर्षांत गावाच्या वेशीबाहेर क्वचितच गेली होती. शनिवारी सकाळी ती निघाली तेव्हा दारावरची लाल 'शिकाऊ' पाटी काढायचं त्यांच्या ध्यानात राहिलं नाही. शेजारच्या सीटवर त्यांची बायको बसली होती. इस्पितळात तिला सगळे सिस्टर म्हणत, आणि आता घरीदारीही तेच नाव पडलं होतं.

तीन तासांचा रस्ता होता. नदीकाठच्या त्या छोट्या गावात तीन नाट्यगृहं होती आणि वर्षातले सहा महिने लांबलांबून माणसं नाटकं बघायला यायची. ठकी तिथं पाच वर्षं होती. ठकी म्हणजे यांची एकुलती एक लेक. आठ महिन्यांपूर्वी तीन दिवसांच्या तापात ती गेली. आईने सगळा जन्म तापवाल्यांच्या उशाशी काढला, पण पोरीने ताप आल्याचं तिला कळवलं नव्हतं. शहरातल्या इस्पितळातून फोन आला तोवर सगळं आटोपलं होतं.

आता नाटक मंडळीतल्या वेशभूषेच्या बाईंचं पत्र आलं होतं. 'तिची पेटी इथंच आहे. घेऊन जा, आणि आलात की दुपारचा खेळ बघून जा. तिचीच भूमिका आता दुसरी मुलगी करते.'

"दमलीस तर सांग, थांबू कुठंतरी," मास्तर म्हणाले.

"मी कशाला दमू? गाडी तुम्ही चालवताय."

एवढंच बोलणं झालं. एका वळणावर समोर ट्रक आला तेव्हा सिस्टरने पायाखालचा, शिकवणाऱ्यासाठी बसवलेला जादा ब्रेक दाबला आणि गाडी गचकन थांबली. मास्तरांनी गाडी पुन्हा सुरू केली. ट्रक बराच लांब होता, हे दोघांनाही ठाऊक होतं.

गाव आलं तशी सिस्टरने काच खाली केली. भिंतीभिंतीवर नाटकांची चित्रं, टोपांचं दुकान, पुलाखाली बदकं. इतकं साधं, हसरं गाव. तिच्या मनात ते कायम अंधारं, दारुड्यांनी भरलेलं होतं. नर्सिंगचं दुसरं वर्ष अर्धवट सोडून पोरगी इथं पळून आली, तेव्हापासून तिने या गावावर दात धरला होता.

नाटक तीन वाजता सुरू झालं. विनोदी होतं. घरकाम करणारी एक बहिरी म्हातारी मालकांचं प्रत्येक वाक्य भलतंच ऐकते. मालक ओरडले, "पाहुणे आलेत!" म्हातारी म्हणाली, "पावणेआठ? छे, आत्ताशी सहा वाजलेत." नाट्यगृह खदाखदा हसत होतं. सिस्टर पर्सचा बंद मुठीत आवळून बसली होती. त्या पांढऱ्या टोपाखाली दुसऱ्याच कुणाचातरी चेहरा होता.

मग म्हातारीने आधी चष्मा शोधला, पदराने पुसला, नाकावर चढवला आणि मान वाकडी करून म्हणाली, "हां, आता बोला. दिसल्याशिवाय ऐकू येत नाही मला."

आणि मास्तर हसले. साधंसुधं नाही, पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आठ महिन्यांत त्या माणसाच्या ओठाची कड हलली नव्हती.

सिस्टरचं डोकं फिरलं. मध्यंतरात बाहेरच्या बाकाशी तिने त्यांना गाठलं. "हसू तरी कसं येतं हो तुम्हाला? तिच्या जागी उभी आहे ती पोर!"

मास्तरांनी डोळे पुसले. "अगं, ती आक्का होती. आमची आक्का नाही का, चष्मा लावून ऐकायची? ठकी लहानपणी नक्कल करायची तिची, मोरीच्या दारात उभी राहून. हे तिनंच नाटकात घातलं असणार. त्या पोरीने तिचंच बघून उचललंय." त्यांनी रुमाल खिशात घातला. "मला वाटलं, तुलाही कळलं असेल."

तिला कळलं नव्हतं. स्वतःच्या पोरीची नक्कल तिला ओळखता आली नव्हती.

खेळ संपल्यावर दोघं रंगमंचामागच्या खोलीत गेली. इस्त्रीची वाफ, टांगलेले झगे, सुया टोचलेली उशी. वेशभूषेच्या बाई जाड्याशा, मायाळू होत्या. त्यांनी ठकीची पेटी पुढे सरकवली, खुर्च्या दिल्या आणि मास्तरांचा हात हातात घेतला.

"शेवटी आलात. फार वाट बघायची हो तुमची. दर हंगामाला दोन तिकिटं बाजूला ठेवायची. मग फोन करून आली की म्हणायची, बाबांना सुट्टी नाही. पण राग नव्हता हं तिचा! म्हणायची, बाबा शनिवारी चार-चार जणांना शिकवतात, त्यांना कसं जमणार?"

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. मग बायकोकडे.

"मला?" ते हळूच म्हणाले. "मला कुणी विचारलं होतं?"

सिस्टरने पेटीची कडी धरली. बाई काय ते समजल्या आणि काहीतरी आणायचं निमित्त काढून बाहेर गेल्या.

रात्री मुक्कामाच्या खोलीत दोघं पाठीला पाठ लावून पडून राहिली. सकाळी ठरल्याप्रमाणे मास्तरांनी गाडी डोंगरावरच्या तळ्याकडे घेतली. सुट्टीच्या दिवशी ठकी तिथं जायची, असं पत्रात होतं. तळं होतंच तसं. निळंशार, चारी बाजूंनी झाडी, पाण्यावर वाऱ्याचा शहारा. दोघं कठड्याशी उभी राहिली.

"किती वेळा?" मास्तरांनी विचारलं.

"चार." मग तिला राहवेना. "दर वर्षी बोलवायची. मला वाटायचं, आपण गेलो, टाळ्या वाजवल्या, की ती कधीच परत यायची नाही. एखादं वर्ष कंटाळेल, येईल घरी, कोर्स पुरा करेल. मी नाही म्हणाले असते तर भांडली असती. म्हणून तुमचं नाव सांगत गेले."

मास्तर पाण्याकडे बघत होते.

"बोला ना काहीतरी," ती म्हणाली. "शिव्या द्या. हात उचला. पण असे गप्प राहू नका."

"ती गेली तेव्हा तिला वाटत होतं, बापाला सवड नाही," मास्तर म्हणाले. आवाज चढला नाही. "आता ते कुणाला जाऊन सांगू?"

मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "चल. ऊन व्हायच्या आत घाट उतरू."

परतीच्या वाटेवर त्यांनी एकदा तिला पाणी विचारलं, एकदा काच वर करायला सांगितलं. घरी पेटी ठकीच्या खोलीत ठेवली, गाडी धुतली, जेवले. झोपताना नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "सहाला उठव. नवी शिकाऊ आहे."

सिस्टर वाट बघत राहिली. आज ओरडतील, उद्या ओरडतील. ओरडले असते तर तिने पाय धरले असते. पण महिने गेले, वर्ष गेलं, मास्तरांनी तो विषय काढला नाही. ते तिच्याशी नीट वागत, औषधं आणून देत, भाजी आवडली तर आवडली म्हणत. फक्त ठकीचं नाव त्यांनी तिच्यासमोर पुन्हा कधी घेतलं नाही. आणि ज्याच्यापाशी ते नाव घेता येईल असं जगात तिला दुसरं कुणीच नव्हतं.