जेवणाच्या सुट्टीतला प्रोसेसर

सहकारी सुजितने लिहिलेल्या ‘ड्रायव्हर’ या छोट्या प्रोग्रॅमखाली ‘तपासला’ म्हणून विजयश्रीने नाव टाकलं, की तो संध्याकाळी निघोज्याच्या कारखान्यातल्या मशीनांवर चढणार होता. त्या नावाचीच तिला धास्ती. या कामात तपासणाऱ्याचं नाव कोडसोबत कायमचं राहतं. पुढे काही बिघडलं तर लिहिणाऱ्याइतकाच तोही दोषाचा धनी.

ड्रायव्हरचं काम तसं साधं. एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी मशीनं चालतात. तो मोठा संगणक म्हणजे यजमान. मशीनच्या प्रत्येक प्रोसेसरने दर पाच सेकंदांनी यजमानाला ‘मी चालू आहे’ असं कळवायचं. दहा सेकंद हाक आली नाही, की तो अडकला असं समजून यजमान अख्खं मशीनच बंद करून पुन्हा सुरू करतो.

कासारवाडीच्या घरात बसून तिने कोड तिसऱ्यांदा वाचला. प्रोसेसर आपणच मुद्दाम बंद केला, तर त्याची हाक थांबत होती. पण ‘आता याची वाट बघू नकोस’ असं यजमानाला कुणी सांगतच नव्हतं.

की हीही आपली उगीचची भीती? बाळंतपणाच्या रजेवरून आल्यापासून तिने पाच शंका काढल्या होत्या. पाचही फुसक्या निघाल्या.

शेवटी तिने सुजितला फोन लावलाच.

“ताई, चालत्या मशीनमधला प्रोसेसर बंद करतंय कोण?” तो हसला. “टाका की नाव.”

“नवनाथभाऊंना विचारते एकदा.”

“विचारा. जेवायला बसला असेल, शिव्या घालेल.”

नवनाथ निघोज्यात ही मशीनं सांभाळायचा. शिव्या काही त्याने घातल्या नाहीत. “मॅडम, आमी तर रोज करतो की! जेवणाच्या सुट्टीत लाइन थांबती, तवा दोन प्रोसेसर बंद ठेवतो. लई तापतंय वो ते. का, काय झालं?”

विजयश्रीने लगेच विचारलं, “चाचणीच्या मशीनवर नवा ड्रायव्हर आहे ना? त्यावर करून बघाल? डबा झाल्यावर केलंत तरी...”

“डबा कुठं पळतोय? थांबा.”

तेवढ्यात आतल्या खोलीत तान्ह्या स्वराजने भोकाड पसरलं. ती अर्धवट उठली. त्याला सांभाळायला आलेल्या शेजारच्या शालनबाई आतूनच ओरडल्या, “तू बस गं! माझी चार पोरं रडूनच एवढी झालीत.”

ती बसली.

“आयला!” फोनमधून नवनाथ. “एक बंद केला तर सगळं मशीनच परत चालू झालं की वो! हे संध्याकाळी लाइनवर चढलं असतं म्हंजी...”

तिने सुजितलाही फोनवर घेतलं. तो म्हणाला, “मी हे कधी करूनच बघितलं नव्हतं, ताई. वाचवलंत.” आवाजात कुठे खुन्नस नव्हती. अर्ध्या तासात त्याने दुरुस्ती पाठवली: प्रोसेसर बंद होण्याआधी यजमानाला तसं कळवायचं. नवनाथने ती तीनदा चालवून बघितली. मशीन एकदाही बंद पडलं नाही. सुट्टी मात्र कधीच संपली होती.

विजयश्रीने आपलं नाव टाकलं. मग म्हणाली, “नवनाथभाऊ, ‘करून पाहिला’ म्हणून खाली तुमचंही टाकतेय.”

“माझं? कोडमधी?”

“कायमचं.”

“मग बापाचं नाव घालून टाका. अन् फोटो पाठवा, घरी दाखवतो.”

नवनाथ ज्योतीराम येळवंडे. त्याने सांगितलं तसं तिने लिहिलं, एकदा वाचून दाखवलं, आणि तीनदा थँक्यू म्हटलं. तिन्ही वेळा तो म्हणाला, “अवो, त्यात काय!”