चार ठोक्यांतला एक

टक्. विजेच्या किटलीचं बटण उडालं आणि इतका वेळ गप्प असलेलं स्वयंपाकघर दचकलं. मी टेबलावर पालथा पडलो होतो, एका बाजूला लोण्याची बशी, दुसऱ्या बाजूला आकडेमोडीचे कागद. पाठ उघडी, तारा बाहेर. मित्रांनो, वेग दाखवण्यात उमर गेलेल्या मोटारसायकलच्या मीटरवर अशीही वेळ येते. पण ती का आली ते आधी सांगतो.

माझी पहिली मालकीण गुरांची डॉक्टर होती. गोर गावापासून समुद्रापर्यंतची सगळी शेतं आम्ही पालथी घातली. निघताना ती हातमोज्याने माझी काच पुसायची आणि मगच चावी फिरवायची. एकदा ओल्या खडीवर गाडी घसरून चरात गेली. तिला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही, मोटारसायकल मात्र भंगारात गेली. मग मी आठ वर्षं भंगारवाल्याच्या एका फळीवर होतो, काटा शून्यावर. सांगायला काही नसणं हे आमच्यासारख्यांना फार जड जातं.

तिथून मला मर्व्हिन नावाच्या म्हाताऱ्याने उचललं आणि लोकरी मोज्यात गुंडाळून रिव्हर्टन गावी आणलं. त्याच्या गॅरेजमध्ये नऊ वर्षांपासून एक गाडी आकाराला येत होती. ठेंगणी, दोन माणसांची, चौकोनी पाइप स्वतः जोडून केलेली. मदतीला मुलगी कर्स्टी. तिची चार वर्षांची टिली जेवून झोपली की तिला दीड तास मिळायचा. तेवढ्यात ती पाय न वाजवता गॅरेजमध्ये यायची.

"बाबा, गाडीला मोटारसायकलचा मीटर? लोक हसतील."

"हसू देत. आत बसायला गुडघे कानाशी घ्यावे लागतात, तेव्हा हसणारच आहेत."

मला त्यांनी चक्क मधोमध बसवलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

पण त्या घरात एक घाई होती. मर्व्हिनला तीन आठवड्यांनी पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार होती. त्या वयाला परवाना पुढे चालू ठेवायचा तर डॉक्टरांची सही लागते आणि त्याच्या डाव्या डोळ्यात मधोमध धुकं साचू लागलं होतं. त्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आज चालवायला हरकत नाही, पण पंचाहत्तरीला सही करेनच असं नाही. त्याआधी ही घरी बनवलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीच्या तपासणीतून सुटली, तरच तो ती रस्त्यावर स्वतः चालवू शकणार होता. तपासनीस गुरुवारी येणार होता.

आता माझं काम समजून घ्या. इंजिनाकडून मागच्या चाकांकडे एक दांडा फिरत जातो. त्याच्यावर चार बोल्ट आहेत. शेजारी एक संवेदक, म्हणजे सेन्सर, बसवलेला. बोल्ट समोरून गेला की तो मला एक ठोका देतो. ठोके भराभर आले की माझा काटा चढतो. एका फेरीला चार ठोके, मग किती वेगाला किती, हे सगळं मर्व्हिनने कागदावर मांडलं होतं.

शेजारच्या मेंढ्यांच्या शेतातल्या वाटेवर आम्ही गाडी काढली. कर्स्टीच्या हातातला, उपग्रहावरून वेग मोजणारा फोन म्हणाला चाळीस. मी म्हणालो तीस, तेही थरथरत.

"फोन चुकतोय," मर्व्हिन म्हणाला.

"तीनदा चुकेल का हो बाबा?"

वेग जास्त असताना मीटरने कमी दाखवणं, तपासणीत याला माफी नाही. मित्रांनो, मी खोटं बोलत नव्हतो. मला तीन ठोके येत होते आणि मग एक रिकामी जागा, पुन्हा तीन, पुन्हा रिकामी जागा. पण मला काट्यापलीकडे तोंड नाही.

म्हणून मला उपटून टेबलावर आणलं होतं. मर्व्हिन भिंग घेऊन तेच आकडे चौथ्यांदा मांडत होता. कर्स्टीने चहा ओतला, भाजलेला चीज रोल त्याच्यासमोर सरकवला.

"संवेदक आणि मीटरच्या मधल्या डबीचा स्क्रू फिरवून काटा जुळवून टाकू या ना."

"आणि थरथर? ती पण स्क्रूने जाईल?" त्याने भिंग खाली ठेवलं. "आकडे बरोबर आहेत, कर्स्टी. नाहीतर डोळ्यांपाठोपाठ माझं डोकंही चाललंय."

चीज रोल गार झाला.

दुसऱ्या दिवशी मला पुन्हा गाडीत बसवलं आणि टिली झोपल्यावर कर्स्टी गाडीखाली शिरली. हातातली वॉशरची चकती निसटून सांदीत पडली. ती काढायला तिने खिशातलं टिलीचं चुंबक काढलं, फ्रिजला लावायचं, मेंढीच्या आकाराचं. मेंढी वाटेत एका बोल्टला चिकटली. तिने सोडवली, ती दुसऱ्याला चिकटली. तिसऱ्यालाही. चौथ्यावरून मात्र सुळकन घसरली.

कर्स्टी तिथेच पडून राहिली. मग पुन्हा लावून पाहिली. पुन्हा घसरली.

"बाबा, हा चौथा बोल्ट कुठला?"

"बरणीतला. एक हरवला होता ना."

"कुठल्या बरणीतला?"

मर्व्हिनने फळीकडे मान वळवली. त्या गावात कोणी बोल्ट फेकून देत नाही. प्रत्येकाच्या फळीवर बरण्यांच्या रांगा असतात आणि नवीन आणायला दुकानात जाणं कमीपणाचं समजतात.

"बोटीच्या," तो म्हणाला. "न गंजणारे."

"संवेदकाला चुंबकाला चिकटणारं लोखंड लागतं. हा त्याला दिसतच नाही."

"बरणीवर चिठ्ठी आहे. मीच लिहिलीय."

"वाचलीही असेल तुम्ही. चकचकीत काही दिसलं की तुमचं भान सुटतं."

"आकडे बरोबर होते म्हणजे."

"हो बाबा. आकडे अगदी बरोबर होते."

तो उलट्या बादलीवर बसला आणि बराच वेळ हसत राहिला. मग उठून दुकानात गेला आणि त्या दांड्यासाठीच बनवलेले चार मजबूत पोलादी बोल्ट घेऊन आला. बोटीचा चकाकणारा बोल्ट त्या जोरापुढे टिकलाही नसता.

गुरुवारी तपासनीस गॅविन आला. गाडीखाली गेला, आत बसला, गुडघे कानाशी घेतले, गाडी फिरवून आणली. "मीटर मोटारसायकलचा का?"

"गाडी पण तेवढीच आहे," मर्व्हिन म्हणाला. गॅविनने सही केली.

रविवारी समुद्राकडच्या रस्त्यावर मर्व्हिन पहिल्यांदा मला घेऊन निघाला. ठोके चारही येत होते, काटा शांत. दर थोड्या वेळाने तो माझ्याकडे बघायचा, उजव्या डोळ्याने, मान किंचित वळवून. आठ वर्षं फळीवर काढली, ती त्या एका तासात फिटली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या जुन्या वस्तूने वेडंवाकडं काही दाखवलं, तर तिला लगेच फेकू नका. एखादा ठोका तिच्यापर्यंत पोचत नसेल. थोडं वाकून खाली बघा. माणसांनाही हेच लागू पडतं, असं मला वाटतं.

आम्ही परतलो तेव्हा टिली फाटकाशी उभी होती. मर्व्हिन टोपी बाजूला ठेवून, मान किंचित वळवून तिला बोटाने दाखवू लागला, हा काटा असा चढतो, असा उतरतो. ती माझ्याकडे बघत होती, मग त्याच्याकडे. तो चहा ठेवायला आत गेल्यावर तिने कर्स्टीचा हात ओढला.

"आई, आजोबांचे डोळे किती दिवस पुरतील?"