जरासा पांढरा लाव, पोरी

मी पेंटिंगचा क्लास लावला तवा आमच्या अकोल्यातल्या बाया म्हणे, "काय बाप्पा, लग्नाच्या वयात पोट्टी रंग कालवून राहिली!" क्लास अमरावतीले, राजापेठेत; रेल्वेनं जाणं-येणं. खाली ट्युशनवाले, वर आमचे नितेश सर. सरायनं रेम्ब्रां नावाच्या जुन्या डच चित्रकाराची एक म्हातारी समोर ठेवली अन सांगतलं, "वर्षभर हिचीच नक्कल करा."

आधी सारा कॅनव्हास तपकिरी करायचा, मंग त्या अंधारातून चेहरा वर काढायचा. पांढरा रंग सर अगदी शेवटी देत, नाकाच्या शेंड्यापुरता. बाकीच्या पोरी कुरकुरल्या, मले मात्र त्या तपकिरीनं येड लावलं. आमच्या घरचे सारेच त्या रंगाचे.

तेवढ्यात मूर्तिजापूरचं स्थळ जमलं. पोरगा सागर, बँकेत. मले आवडला होता, खोटं काहून बोलू! त्याचे वडील वामनराव, मोठे शेतकरी. त्यायनं मोबाइलवर माही म्हातारी पाह्यली अन हुकूम सोडला, "सूनबाई, माहा फोटो काढ असाच. नव्या हॉलमधी लावू."

वामनराव क्लासमधी येऊन बसले, फेटा बांधून, छाती काढून. काय चेहरा होता! उन्हानं रापलेला, कपाळावर तेवढा उजेड. मी जसा दिसला तसा उतरवला. सर पाह्यतच राह्यले. वामनराव म्हणे, "हे काय भूत काढलं? जरासा पांढरा लाव, पोरी." लावला. "अजून जरासा." अर्धा चेहरा अंधारात होता, तोही उजळायला लावला. म्हणे आधारच्या फोटोत दोन्ही कान दिसतात, मंग इथं काहून नाई? सर बिचारे जिना उतरून चहाले गेले.

मी सागरले फोन केला. तो हासला. "लाव ना, तुहं काय जाते? लग्नाच्या अल्बममधी फोटोग्राफर तुलेई असंच उजळ करून देईन." माहं डोस्कं सणकलं. पण माहे बाबा म्हणे, "बाई, जुळलेलं मोडू नको." मंग मी आख्खी ट्यूब पिळली.

साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, त्यायच्याच घरी होता. चित्र हॉलमधी टांगलेलं, पाव्हणे वा वा करून राहिले. वामनरावायची माय पार्बताबाई, काळीभोर म्हातारी, काठी टेकत समोर आली.

"हा साहेब कोण रे?"

"माय, मी होय ना!"

तिनं एकदा चित्राकडे पाह्यलं, एकदा आपल्या हाताकडे. "हा तू होय, त मंग तुही माय कोण?"

 वामनराव मान खाली घालून उभे. सागर माह्या कानाशी लागला, "रागिणी, बाबाले पुन्हा पहिल्यासारखं करून दे. पाव्हणे गेले का तारीख काढू."

बाबाले! त्याले अजूनही त्याच्या बाबाचंच पडलं होतं, अल्बममधी मले उजळ करणार होता ते ध्यानातच नाई. मले रडू आलं, रागानंच. तरी साऱ्यायले ऐकू जाईन असं बोलली, "चित्र करून देते. तारीख दुसऱ्या पोरीसंगं काढा. मी जशी आहो तशीच या घरात येणार होती, अन तशीच चालली."

 मले वाटलं आता माहे बाबा हात जोडतीन.  पण बाबा उठले, अन माह्या आधी चपला घालून दारात उभे राह्यले.