स्कोअर सांगू नका

बुधवारी सकाळी ऑफिसच्या दारावर कागद चिकटवलेला होता. "कृपया स्कोअर सांगू नका." खाली तिएरीची सही.

तिएरी माझा साहेब. फ्रान्सच्या ज्या भागातला तो, तिथल्या लेझेर्बिए नावाच्या छोट्या गावाचा फुटबॉल संघ त्या वर्षी, म्हणजे २०१८ला, फ्रेंच कपच्या फायनलला पोचला होता. संघ तिसऱ्या डिव्हिजनचा. समोर पॅरिस, पहिल्या डिव्हिजनचे विजेते. मॅच तिकडे मंगळवारी रात्री, म्हणजे आमच्याकडे सिंगापूरला बुधवारी पहाटे तीनला. तिएरीला डॉक्टरांनी जागरण बंद केलेलं. म्हणून त्याने आधीच्या आठवड्यातच जाहीर केलं होतं की मॅच रेकॉर्ड करायची आणि बुधवारी संध्याकाळी मोठ्या मीटिंग रूममध्ये सगळ्यांनी मिळून बघायची. तोवर त्याला कोणी काही सांगायचं नाही.

मला फुटबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. माझा जीव अडकला होता माझ्या कंत्राटात. ते जूनअखेर संपत होतं. कंत्राट गेलं की एम्प्लॉयमेंट पास जाणार, आणि पास गेला की आम्ही तिघं चंबूगबाळं आवरून पुण्याला. एरवी आनंदाने गेलो असतो. एकोणपन्नासाव्या वर्षी, दर दोन वर्षांनी, आपण अजून उपयोगाचे आहोत हे नव्याने पटवून द्यायचा मला मनस्वी कंटाळा आला होता. पण आमची अनुया त्या वर्षी ओ लेव्हलला होती, म्हणजे इथल्या दहावीला. तिची परीक्षा संपेपर्यंत, फक्त नोव्हेंबरपर्यंत, मला तग धरायचा होता. सोमवारी तिएरी म्हणाला होता, "बुधवारी नक्की सांगतो, निशिकांत. काळजी करू नकोस." साहेब असं म्हणतो तेव्हा खरं तर काळजी करायला सुरुवात करावी. मी इतका दमलो होतो की सरळ विश्वास ठेवला आणि घरी जाऊन झोपलो. मंगळवारीही तसाच झोपलो. कित्येक महिन्यांनी अशी झोप लागली होती.

स्कोअर मला सकाळी बुकित पंजांगच्या एलआरटीत, त्या छोट्या मेट्रोतच, कळला. पॅरिस दोन, लेझेर्बिए शून्य. यात बातमी ती काय, असं म्हणून मी फोन खिशात टाकला.

ऑफिसात दिवसभर गंमत चालली होती. मी पँट्रीत शिरलो की कुजबुज बंद. टेबलावरचे फोन उपडे. "अरे, मी आहे, तिएरी नाही," असं मी म्हणायचो, आणि लोक कसनुसं हसायचे. तिएरीची केबिन पँट्रीला लागूनच, तेव्हा एवढी खबरदारी मला रास्तच वाटली. एका माणसाचं मन राखायला अख्खं ऑफिस तोंडाला कुलूप लावतं, याचं कौतुकही वाटलं. पँट्रीतल्या टीव्हीवर बातम्या लागल्या तेव्हा मीच धावत जाऊन बंद केल्या.

जेवायला खालच्या हॉकर सेंटरमध्ये रवींद्र बरोबर होता. रवींद्र टेस्टिंगचं बघतो. पक्का मुंबईकर, पीआर, म्हणजे इथला कायमचा परवाना, मिळवून बायको अरुणासह मरीन परेडला निवांत झालेला. गेली कित्येक वर्षं आमचं कशावरही एकमत झालेलं नाही. त्या दिवशी मी त्याला डिवचायला म्हणालो, "काही म्हण, पुण्याची माणसं मुंबईच्या माणसांपेक्षा जास्त माणुसकीची असतात."

"खरंय," तो म्हणाला.

मला तिथेच कळायला हवं होतं. मी आपला भात संपवत राहिलो.

संध्याकाळी खुर्च्या मांडल्या. फ्रेंच चीज आणि ब्रेड, शेजारी रवींद्रने आणलेले करीपफ. मॅच सुरू झाली. पॅरिसवाल्यांचा चेंडू सुरुवातीलाच गोलच्या खांबावर आदळला, पुन्हा आदळला, आणि दर वेळी सगळे "ओह!" करून तिएरीकडे बघायचे. त्या गावातल्या पोरांची मला दया येऊ लागली. चेंडू त्यांच्याकडे येतच नव्हता. ती नुसती धावत होती, ओळ मोडू न देता, इकडून तिकडे. आपल्या हातात काही नसताना जागा सोडायची नाही, एवढंच त्यांचं काम. ते काम मला चांगलं माहीत होतं. अखेर एक गोल झालाच.

हाफटाइमला तिएरी सिगरेट ओढायला खाली गेला. मी तोंड धुऊन परत आलो. चीजच्या टेबलाभोवती सगळे जमून काहीतरी बोलत होते. मी दार ढकललं आणि एकदम शांतता.

मी तिथेच थबकलो. तिएरी खोलीत नव्हता. तो तर खाली रस्त्यावर होता. मग ही शांतता कोणासाठी?

मी रवींद्रकडे पाहिलं. तो करीपफची रिकामी पिशवी घडी घालत बसला. चार घड्या घातल्या, उलगडली, पुन्हा घातली. सकाळपासूनची एकेक कुजबुज आठवली. आणि "खरंय" आठवलं.

दुसरा अर्धा भाग मी बघितला म्हणण्यापेक्षा बसून काढला. रडू येत नव्हतं. राग आला होता आणि त्याहून जास्त थकवा. उठून ओरडावं असं वाटत होतं, पण त्यासाठी आधी उठावं लागलं असतं. मधेच माझं लक्ष तिएरीकडे गेलं. लेझेर्बिएचा गोलकीपर पॅरिसच्या माणसाच्या पायाशी झेपावायच्या आधीच तिएरीने ग्लास खाली ठेवला आणि डोळे मिटले. मग पेनल्टी मिळाली, मग गोल. त्यालाही माहीत होतं तर! म्हणजे त्या खोलीत न सांगितलेलं असं काही उरलंच नव्हतं, आणि आम्ही सगळे चीज खात होतो.

शेवटी पॅरिसच्या कॅप्टनने त्या छोट्या संघाच्या कॅप्टनला वर बोलावलं आणि कप दोघांनी मिळून उचलला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक-दोघींनी डोळे पुसले. तिएरीने मला केबिनमध्ये बोलावलं.

"माझं रिन्युअल आलं नाही, हेच ना?" मी दार लावतानाच विचारलं.

तो खाली बसला. "कधी कळलं तुला?"

"हाफटाइमला. तुला मॅचचं कधी कळलं?"

"पहाटे. लाइव्ह बघितली. झोपच येईना." त्याने चष्मा काढला. "पॅरिसच्या हेड ऑफिसातून तुझं उत्तर सोमवारीच आलं होतं. तुझं काम रवींद्रकडे द्यायचं म्हणून त्याला सांगावं लागलं. तुला सांगायचा धीर होईना."

"मला नोव्हेंबरपर्यंत राहू दे. बाकी काही नको."

"मी दोनदा विचारलं. जूनअखेरच म्हणतात." मग घाईघाईने म्हणाला, "पण तुझा निरोप आपण मोठा करू. सगळे मिळून."

"तिएरी," मी म्हणालो, "कप दोघांनी उचलला, पण घरी कोणी नेला?"

त्याने चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाला, "शुक्रवारी त्या पोरांची लीगमधली शेवटची मॅच आहे. हरली तर चौथ्या डिव्हिजनमध्ये जातील. इथे कोणाला ठाऊकही नाही." (हरली आणि गेलीच.) मला त्याची कीव आली आणि ती आली याचाही राग आला. माझे दोन दिवस त्याने दयेपोटी वाया घालवले होते. दोन दिवसांत मी चार ठिकाणी फोन केले असते, शाळेत गेलो असतो, काहीतरी केलं असतं.

घरी दार उघडलं तेव्हा स्मिता आणि अनुया जेवणाच्या टेबलाशी बोलत होत्या. मला बघून दोघी गप्प झाल्या.

एव्हाना ती शांतता मी चांगली ओळखत होतो.

"बाबा, ईट फर्स्ट लाह," अनुया म्हणाली आणि वही घेऊन आत गेली.

"तुलाही माहीत आहे?" मी स्मिताला विचारलं.

"सोमवारी रात्री अरुणाचा फोन आला होता. रवींद्रनं तिला सांगितलं." तिने माझ्यासाठी ताट घेतलं. "काल हाफ डे टाकून मी शाळेत जाऊन आले. परीक्षा होईपर्यंत अनुयाला स्टुडंट पासवर राहता येईल आणि तिच्याबरोबर मलाही, अर्ज करून बघा म्हणाले. अरुणा म्हणते, त्यांची एक खोली रिकामीच असते. तोवर मरीन परेडला राहू. तू जुलैत पुढे हो. पुण्यात घर बघ, नोकरी बघ. डिसेंबरात आम्ही येतो."

म्हणजे सगळं ठरून गेलं होतं. मॅच सोमवारीच खेळून झाली होती, मी आपला बुधवारी रेकॉर्डिंग बघत होतो. मला फार लागलं ते. मुलीची परीक्षा वाचली याचा आनंद मागाहून झाला, आधी लागलं ते हे.

"मला का नाही सांगितलंस? सगळ्या जगाला माहीत. नवऱ्याला तेवढं नाही?"

तिने आमटी वाढली. वाटी माझ्यापुढे सरकवली.

"सांगायलाच आले होते सोमवारी, फोन ठेवल्यावर. तू झोपला होतास. घोरत होतास. जानेवारीपासून रात्रभर कूस बदलताना बघतेय मी तुला. म्हटलं, झोपतोय तर झोपू दे. आणखी दोन रात्री."

मी तिच्याकडे नीट बघितलं. डोळे सुजलेले, खालची कातडी काळवंडलेली. तिच्या त्या दोन रात्री कशा गेल्या, हे विचारायची गरज नव्हती.

"आत जाऊन पड जरा," मी म्हणालो. "भांडी मी घासतो."

ती नाही म्हणेल असं वाटलं होतं. ती उठली आणि आत गेली. मी भांडी घासायला घेतली, आवाज होऊ न देता, एकेक करून.