थांब म्हटलं होतं

आमच्या कारखान्यात एक नियम साहेबालाही मोडता येत नाही. क्रेन चालू असताना कुणीही ‘थांब’ म्हणून ओरडलं, अगदी झाडूवाल्याने ओरडलं, तरी क्रेन थांबलीच पाहिजे. आधी थांबायचं, मग विचारायचं. भिंतीवर तो लाल अक्षरांत रंगवलाय. त्यात ‘पलीकडची सोडून’ असं कुठे लिहिलेलं नाही. मी नीट वाचून पाहिलंय.

पलीकडची म्हणजे मी. राहते पुलापलीकडच्या वस्तीत, आणि आमच्या शेडमधली एकटी बाई. खाली उभं राहून क्रेनवाल्याला हाताने खुणा करायच्या, हे माझं काम. पहिल्याच दिवशी मुकादम कौतुकाने म्हणाला, “अरे वा, किती स्वच्छ बोलतेस! तिकडची वाटतच नाहीस.” मी हसले. नवीन होते, दुसरं काय करणार?

एकदा मला ओझ्याचा पट्टा फाटल्यासारखा दिसला, म्हणून मी क्रेन थांबवली. ती नुसती सावली निघाली. अशी फजिती शेडमध्ये प्रत्येकाची झालीय. मुकादमाने तर एकदा कबुतरासाठी क्रेन थांबवली होती. पण त्याचं कबुतर उडून गेलं आणि माझी सावली मला जन्माची चिकटली. तेव्हापासून मी ‘थांब’ म्हटलं की क्रेनवाला आधी मुकादमाकडे बघायचा. त्याने मान हलवली तर क्रेन थांबायची, नाहीतर नाही. वर “लांडगा आला रे आला!” आणि हशा. तक्रार करायची तर काय म्हणून? माझ्या आवाजावर तो दुसऱ्याकडे बघतो म्हणून? काटा रुतला तर दाखवता येतो. हे कुसळ होतं, टोचायचं पण सापडायचं नाही.

डबा मी वेल्डरदादांबरोबर खायचे. माझ्या शेजारी येऊन बसणारे तेवढे एकच. “मनावर घेऊ नकोस गं,” म्हणायचे, “पोरं चेष्टा करतात.” सख्ख्या भावाने केली नसती एवढी माया त्यांनी माझ्यावर केली.

गेल्या सोमवारी दादा वाकून एक जोड तपासत होते आणि त्यांच्या बाजूने क्रेनवरून भलामोठा पाइप चालला होता. पाइप कलला. एका टोकाची साखळी सरकताना मला स्पष्ट दिसली. मी घसा फाडून ओरडले, “थांब!” क्रेनवाल्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम फोनवर बोलत होता. पाइप दादांच्या पायावर आला. गुडघ्याखालचा पाय कापावा लागला.

चौकशीत मुकादम म्हणाला, “ती ओरडलीच नाही.” क्रेनवाला म्हणाला, “मला काही ऐकू आलं नाही.” बाकीचे आपापल्या बुटांकडे बघत बसले. साहेब मला समजुतीच्या सुरात म्हणाले, “भीतीने माणसाच्या तोंडून शब्द फुटत नाही, होतं असं. मुळात हे बायकांचं कामच नाही.” माझ्या अंगाची लाहीलाही झाली. आता माझ्या बाजूने बोलतील तर फक्त दादा. नाहीतर नोकरी तर जाईलच, पण दादांचा पाय जन्मभर माझ्या माथी राहील.

मी तशीच दवाखान्यात गेले. वहिनी दादांच्या उशाशी बसल्या होत्या. मला बघताच उठल्या.

“तू तिथेच होतीस ना? मग ओरडली का नाहीस गं?”

“ओरडले, वहिनी. देवाशपथ ओरडले. दादा, तुम्ही तरी सांगा!”

दादा छताकडे बघत पडले होते. “ओरडली ती,” ते म्हणाले. “मला चांगलं ऐकू आलं.”

माझा जीव भांड्यात पडला. मला रडूच फुटलं. दादा साहेबांसमोर एवढं बोलले तरी पुरे होतं.

“ऐकू आलं?” वहिनींचा आवाज चढला. “मग बाजूला का नाही झालात?”

पांघरूण जिथे सपाट झालं होतं, तिथे दादांनी हात ठेवला.

“आवाज हिचा होता,” ते म्हणाले. “म्हटलं, मुकादम काय म्हणतो बघू. त्याच्याकडेच बघत राहिलो.”